अलिबागजवळच्या किहीमचा ‘प्रपोजल सेटअप’ : माझे २८,४९९ गेले, तुमचे घालवू नका

नवी मुंबई-ठाण्याच्या पोरांनो, समुद्रावर मागणी घालायचा बेत असेल आणि इन्स्टावरचं कुणी मंडप, मेणबत्त्या, लपून फोटो काढणारा फोटोग्राफर असं सगळं पॅकेजमध्ये देत असेल, तर आधी हे वाचा. माझे १२,००० बुकिंगचे गेले, ६,५०० ‘किनाऱ्याच्या परवानगी’चे गेले आणि ९,९९९ डिपॉझिटचे. हे डिपॉझिट म्हणे शूट संपलं की जागेवरच परत. एकूण २८,४९९.

पद्धत तुम्हाला माहीत असलेलीच. गोड बोलणं, ‘सर, त्या तारखेला एकच स्लॉट उरलाय’, मग एकामागून एक खर्च. मी काही अगदीच भोळा नाही. तुर्भ्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत वेंडरची बिलं तपासणं हेच माझं काम. यांच्या बिलावर पंधरा अक्षरी जीएसटी नंबर होता, सुरुवात २७ ने, म्हणजे महाराष्ट्राचा. आता यापेक्षा काय बघायचं माणसाने? पोर्टलवर टाकायचा, हे बघायचं. नंतर टाकला, तर नंबर निघाला एका प्लायवूडच्या दुकानाचा. तुम्ही आधी टाका, फुकट आहे.

पण खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. त्यांनी पाठवलेल्या फोटोत मंडपाच्या पायऱ्यांना लाटा टेकलेल्या. मी विचारलं, पाणी एवढं जवळ येईल का? उत्तर आलं, ‘सर, माघी पौर्णिमा आहे, संध्याकाळी सहाला फुल भरती. म्हणून तर रेट जास्त आहे.’ आणि मी होकाराचा अंगठा (👍) पाठवून मोकळा! मी नेरूळच्या सारसोळे कोळीवाड्यातला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आमच्याकडे पोरासोरांना येतं. अष्टमीला सहा, पौर्णिमेला बाराच्या आसपास. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी सहाला पार ओहोटी. आजोबा तर बोटावर मोजून सांगायचे. त्या एका मेसेजवर सगळं उघडं पडलं होतं आणि मी मंडपाला पांढरा पडदा की गुलाबी, यावर डोकं खपवत होतो. बरं, पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी आपल्या अलिबागला कधी कुणी पाहिलंय? किहीमला सुरूची झाडं आहेत. फोटोत वाकडे माड होते.

त्या दिवशी वडखळच्या ट्रॅफिकमधून, चोंढी नाक्यावरून पोचलो. तिला सांगितलं होतं, मित्राच्या बंगल्यावर पार्टी आहे. किनाऱ्यावर काळपट ओली वाळू, पाणी कुठल्या कुठे गेलेलं. मंडप नाही, काही नाही. फोन बंद. तेवढ्यात इस्त्रीच्या कुर्त्यातला एक मुलगा मोबाइलवरचा नकाशा बघत आला आणि हळूच विचारतो, ‘तुमचापण साडेपाचचा स्लॉट आहे का?’ ठाण्याचा, घोडबंदर रोडचा. त्याचे १५,००० गेलेले. दोघांच्या मैत्रिणी लांबून आमच्याकडे बघतायत आणि दोघांच्या खिशात अंगठ्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता सरकारी कहाणी. घराजवळच्या चौकीत गेलो, तर ‘प्रकार तिकडे झाला, तिकडे जा’. तिकडे फोन केला, तर ‘पैसे नेरूळमधून पाठवलेत ना, मग तिकडेच’. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते. हे बोललो तर साहेब हसले. म्हणे, ‘वकील आहात का?’ मग म्हणे, हा दिवाणी मामला, काम झालं नाही म्हणून पैसे मागा. अहो, कुणाकडे मागू? बनावट शिक्क्याचं परवानगीपत्र समोर ठेवलं, तर झेरॉक्स आणायला पाठवलं. दुकानातून परत येईपर्यंत साहेब राउंडला. ठाण्याच्या मुलाची आणि माझी तक्रार एकत्र घ्या म्हटलं, चोर एकच आहे. तेही नाही. बँकेचं एकच पालुपद, पिन तुम्हीच टाकलात. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लागला, पावती क्रमांक मिळाला, त्या खात्यात शिल्लक होते ३१२ रुपये, ते गोठवले. सोडवायला कोर्टात अर्ज करा म्हणे. ३१२ रुपयांसाठी!

१९३० ला लगेच लावा, मी दुसऱ्या दिवशी लावला. लाजेने. लाज नंतर वाटून घ्या, पैसे खात्यातून हलायला वेळ लागत नाही.

यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी नाव दिसतं, ते वाचा. मला कंपनीऐवजी भलत्याच बाईचं नाव दिसलं होतं, ‘सर, अकाउंटंट मॅडमचं आहे’ म्हणाले. आणि हो, ‘रिफंडसाठी क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असाही मेसेज रात्री आला होता. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. तेवढं तरी मी केलं नाही.

फोटो हवेच असतील तर गावातलाच फोटोग्राफर धरा, आधी त्याला भेटा, पैसे काम झाल्यावर. किनाऱ्यावर मंडपच घालायचा असेल तर परवानगीचं ग्रामपंचायतीत स्वतः जाऊन विचारा, कुणाच्या पीडीएफवर जाऊ नका.

ते पेज आता दुसऱ्या नावाने चालू आहे. जागा काशीद, रेट ४२,०००, फोटो तोच. मंडपाच्या डाव्या बाजूला निळी लाकडी पायरी आहे, तिचा एक कोपरा तुटलेला. ती दिसली की आधी स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. आणि स्क्रीनशॉट मला पाठवा, फाइलला जोडायचाय.