जुन्या थिंकपॅडवर आजचं इंटरनेट: एक्सपीच ठेवावं की लिनक्स टाकावं?

माझा थिंकपॅड टी४२ २००४ सालचा. पेंटियम एम प्रोसेसर, १ जीबी रॅम. कीबोर्डवर बोटं ठेवली की अजूनही उचलवत नाहीत, म्हणून हा सगळा खटाटोप.

मूळची विंडोज एक्सपी ही ऑपरेटिंग सिस्टिम ठेवली तर लॅपटॉप मूळ रूपात राहतो, जुने गेम आणि सीडी बिनतक्रार चालतात. वेबवर मात्र गाडी अडते. त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोररला टीएलएस १.२ (साइटशी सुरक्षित जोडणी करायची पद्धत) कळत नाही, त्यामुळे बहुतेक साइटशी जोडणीच होत नाही. पानाचं एक अक्षरही दिसण्याआधी एरर येते. फायरफॉक्स ब्राउझरची एक्सपीवर चालणारी शेवटची आवृत्ती, ५२, टाकली की बऱ्याच साइट उघडतात. पण एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले. तिथे बँकेचा पासवर्ड टाकू नका, अगदी कळकळीने सांगतो.

दुसरा पर्याय लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम. तिच्या अँटीएक्स या प्रकाराची ३२-बिट (जुन्या प्रोसेसरसाठीची) आवृत्ती मी घेतली. ती फार हलकी आहे. डिलो ब्राउझरमध्ये मजकुराची पानं झटकन येतात. त्यात जावास्क्रिप्ट (पानाला हलतं-बोलतं करणारा कोड) चालत नाही, हाच त्याच्या वेगाचा मोठा भाग. फायरफॉक्स उघडला की पंखा घरघरू लागतो, एका टॅबवरच भागवावं लागतं. व्हिडिओचा नाद सोडाच.

मला वाचायला आणि लिहायला लॅपटॉप हवा, म्हणून मी अँटीएक्स निवडलं. एक्सपीची हार्ड डिस्क पुसली नाही, काढून जपून ठेवली आहे. टी४२मध्ये एक स्क्रू फिरवला की ती बाहेर येते.