कानाचं ॲक्युपंक्चर: दुखण्यावर घ्या, सिगारेट सोडायला नको

आधी निकाल सांगून टाकते. कानाचं ॲक्युपंक्चर, म्हणजे बाहेरच्या कानावर बारीक सुया टोचणं, किंवा एकदम छोट्या सुया तिथेच काही दिवस राहू देणं, किंवा चिकटपट्टीवरच्या बिया लावून त्या दिवसातून तीन-चारदा दाबत राहणं, हे दुखण्यासाठी आणि ऑपरेशन नाहीतर दात काढायच्या आधीच्या भीतीसाठी घ्यायला काहीच हरकत नाही. सिगारेट, ड्रग्ज सोडवायला किंवा वजन उतरवायला कोणी याचं पॅकेज विकत असेल तर पैसे घालू नका. झोपेसाठी अधलंमधलं. मी स्वतः मानदुखी आणि झोप या दोन तक्रारींसाठी हे घेतलंय, मानेला फरक पडला, झोपेला फारसा नाही, पण माझ्या एकटीच्या मानेवरून तुम्ही काही ठरवावं असं मला वाटत नाही, म्हणून यावरच्या ट्रायल्स जमतील तेवढ्या वाचल्या आणि हा रिव्ह्यू मुख्यतः त्यावरच आहे.

सुरुवात त्या चार्टपासून करते, कारण जिथे जिथे ही ट्रीटमेंट मिळते तिथे तो भिंतीवर असतोच. कानात उलटं बाळ काढलेलं असतं, डोकं खाली पाळीकडे, पाय वर, मणका कानाच्या आतल्या उंचवट्यावरून, आणि मध्ये खोलगट भागात पोट, लिव्हर, फुप्फुसं वगैरे. हे हजारो वर्षांचं चिनी ज्ञान आहे असं सर्रास सांगितलं जातं. कानाला टोचायचे, डागायचे उपाय जुन्या चिनी वैद्यकात होते हे खरंय, पण हा उलट्या बाळाचा नकाशा फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या पॉल नोजिए नावाच्या डॉक्टरांचा आहे आणि १९५० च्या दशकातला आहे. त्यांच्याकडे असे पेशंट यायचे ज्यांच्या कानावर एकाच जागी डागल्याची खूण असायची, आणि ते सांगायचे की एका बाईंनी तिथे डागलं आणि आमचं सायटिकाचं दुखणं थांबलं. तिथून नोजिए कामाला लागले, १९५७ मध्ये एका जर्मन नियतकालिकात त्यांनी नकाशा छापला, तो चीनमध्ये पोचला, तिकडे नानजिंगच्या लष्करी डॉक्टरांनी त्यावर काम केलं आणि मग पॉइंट, म्हणजे टोचायच्या नेमक्या जागा, वाढतच गेल्या. इतके की शेवटी जागतिक आरोग्य संघटनेला १९९० मध्ये ल्योंमध्येच बैठक घेऊन कोणत्या पॉइंटला काय म्हणायचं हे ठरवावं लागलं. मला नोजिएंबद्दल आदर वाटतो, एका साध्या डागाकडे इतकं लक्ष देऊन बघणारे डॉक्टर कमीच असतात.

पण नकाशा खरा आहे का? इथे मामला अडकतो. १९८० मध्ये ४० पेशंटवर एक अभ्यास झाला होता, पेशंटला चादरीने झाकलेलं, कान तपासणाऱ्या डॉक्टरला आजार माहीत नाही, फक्त कानावरचे दुखरे पॉइंट बघून अंगात कुठे दुखतंय ते सांगायचं, आणि जवळपास ७५ टक्के वेळा उत्तर जुळलं. हा आकडा प्रत्येक पुस्तकात, प्रत्येक कोर्समध्ये सांगतात. मात्र २००७ मध्ये स्वीडनमधल्या लोकांनी जुन्या स्नायू-सांध्यांच्या दुखण्यावर तसंच डबल ब्लाइंड पद्धतीने, म्हणजे दोन्ही बाजूंना उत्तर माहीत नसताना, तपासलं तेव्हा कानाच्या नकाशावर भरवसा ठेवता येत नाही असं निघालं, आणि हे मात्र कोणी सांगत नाही. त्याआधी १९८४ मध्ये रोनाल्ड मेल्झॅक, म्हणजे मणक्यातलं एक 'दार' वेदनेचे संकेत मेंदूकडे जाऊ देतं किंवा अडवतं ही गेट कंट्रोल थिअरी मांडणाऱ्या दोघांपैकी एक, त्यांनी जुनाट दुखण्याच्या ३६ पेशंटना कानाच्या 'बरोबर' पॉइंटवर विजेचे हलके झटके, 'चुकीच्या' पॉइंटवर झटके आणि नुसतंच मशीन लावलेलं पण करंट नाही, असं तिन्ही आळीपाळीने दिलं. काहीच फरक नाही. तिन्हीत सारखंच.

एवढं वाचून मी हे सोडूनच दिलं असतं, पण दुखण्यावरच्या पुढच्या ट्रायल्स बऱ्याच चांगल्या आहेत. पॅरिसजवळच्या एका कॅन्सर हॉस्पिटलमध्ये ९० पेशंट घेतले होते, औषधं चालू असूनही दुखणं न थांबलेले. २००३ मध्ये रिझल्ट आला, दोन महिन्यांनी खऱ्या पॉइंटवर सुया ठेवलेल्यांचं दुखणं ३६ टक्क्यांनी उतरलं आणि चुकीच्या पॉइंटवाल्यांचं फक्त २ टक्के. हा माझ्या मते या सगळ्या विषयातला सगळ्यात भक्कम निकाल आहे, नकाशाच्या बाजूने बोलायचं तर हाच एक दाखवावा. मग जर्मनीत गुडघ्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर १२० पेशंटवर बघितलं, कानात छोट्या सुया ठेवलेल्यांना आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी कमी लागली. आणि २०२१ मधली न्यूयॉर्कची ट्रायल, ही नक्की लक्षात ठेवा, ३६० लोक, कॅन्सरमधून बाहेर आलेले पण अंगदुखी राहिलेले. एका गटाला अंगावर विजेचं ॲक्युपंक्चर, एकाला कानाचं, एकाला नेहमीचे उपचार. बारा आठवड्यांनी दहाच्या मोजपट्टीवर नेहमीच्या उपचारांपेक्षा अंगावरच्या सुयांनी १.९ ने जास्त आराम आणि कानाच्या सुयांनी १.६ ने. ऐकायला छोटं वाटतं पण रोज दुखणाऱ्या माणसाला दीड पॉइंट म्हणजे रात्रीची एक गोळी कमी होणं असू शकतं, मला तरी ते मोठं वाटतं.

या ट्रायलमध्ये दोन गोष्टी खटकतात त्याही सांगते. एक म्हणजे नकली सुयांचा गटच नव्हता, म्हणजे सुईमुळे किती आणि कोणीतरी आठवड्याला भेटून आपल्याकडे नीट बघतंय यामुळे किती, हे वेगळं करता येत नाही. दुसरं, कानाच्या गटातल्या साधारण १०.५ टक्के लोकांनी त्रास होतो म्हणून ट्रीटमेंट अर्ध्यात सोडली, बहुतेक कान दुखतो म्हणून, आणि अंगावरच्या गटात असा फक्त एक जण. हे मला अगदी पटतं. त्यात जी पद्धत वापरली तिला बॅटलफील्ड ॲक्युपंक्चर म्हणतात, अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड निम्ट्झो यांनी २००१ मध्ये बसवलेली, पाच पॉइंट आणि त्यात बारीक टोकाच्या सुया ज्या तीन-चार दिवस कानातच राहतात. टोचताना क्षणभर चांगलीच कळ येते, मग कान गरम होतो, लाल होतो, आणि त्या कुशीवर झोपायचं तर विसराच. ज्यांना एकाच कुशीवर झोप लागते त्यांनी आधी विचार करा, किंवा सुयांऐवजी बियांचं विचारा, बिया दाबल्यावर दुखतात पण एरवी कळतही नाहीत.

भीतीबद्दल, म्हणजे ऑपरेशन टेबलवर जायच्या आधी छातीत जी धडधड होते त्याबद्दल, निकाल छान आहेत आणि लोकांना हे माहीतच नाही. २००७ मध्ये दात काढायला आलेल्या ६७ लोकांवर जर्मनीत ट्रायल झाली, कानाच्या सुया आणि नाकातून दिलेलं मिडाझोलाम, दोन्हींनी अर्ध्या तासात नकली सुयांपेक्षा भीती कमी झाली. मिडाझोलाम हे झोप आणणारं औषध आहे, त्यानंतर गाडी चालवता येत नाही, सुयांचं तसं काही नाही. अजून एक गंमतशीर निकाल म्हणजे २००१ मधल्या एका अमेरिकन अभ्यासात सगळीकडे वापरला जाणारा शेन मेन पॉइंट आणि दुसरा रिलॅक्सेशन पॉइंट यांची तुलना केली तर रिलॅक्सेशन पॉइंटवाले जास्त शांत झाले आणि शेन मेनचा नकली सुईपेक्षा वेगळा परिणाम दिसला नाही. म्हणजे जागेने फरक पडतो असंही दिसतं, पण सगळ्यात लाडक्या जागेनेच पडला नाही!

मग हे होतं कसं? माझा विश्वास नकाशापेक्षा नसांवर जास्त आहे. बाहेरच्या कानावर वेगवेगळ्या दिशांनी नसा येतात, काही मानेतून वर, एक जबड्याच्या सांध्याजवळून, आणि एक फांदी व्हेगसची, म्हणजे मेंदूतून निघून हृदय, फुप्फुसं, पोट इथपर्यंत जाणारी ती लांबलचक नस. कातडीत ती फक्त कानापाशीच येते. काही जणांना कान साफ करताना एकदम खोकला येतो ना, तो या फांदीमुळेच. २००२ मध्ये शवविच्छेदन करून १४ कान तपासले तर कानाच्या भोकाच्या वरचा जो खोलगट वाटीसारखा भाग आहे तिथे सगळ्यांमध्ये फक्त व्हेगसच सापडली. त्यामुळे इथे टोचल्यावर नाडी, ताण, वेदना यावर थोडाफार परिणाम व्हावा यात मला चमत्कार वाटत नाही. आणि यातून एक अडचणही कळते की कानावर 'नकली' जागा शोधायची तरी कुठे, इवलासा कान, कुठेही टोचलं तरी कुठली ना कुठली नस जवळ आहेच, त्यामुळे खरी-खोटी तुलना केली की फरक आहे त्यापेक्षा कमी दिसत असेल. पण लिव्हरच्या पॉइंटवर टोचलं म्हणून लिव्हर सुधारतं, किडनीच्या पॉइंटने किडनी, यासाठी मला काहीही सापडलं नाही.

आता व्यसनाचं. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं कारण इथे चांगल्या हेतूने काम केलेली माणसं आहेत. १९७० च्या दशकात हाँगकाँगमध्ये डॉ. वेन सुया लावून ऑपरेशनची तयारी करत होते आणि त्यांच्या लक्षात आलं की अफू घेणाऱ्या पेशंटची तडफड कमी होतेय. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलने ते उचललं, पाच पॉइंट ठरवले, १९८५ मध्ये त्यासाठी संघटना झाली, आणि व्यसनमुक्ती केंद्रांमध्ये लोक गोल करून शांत बसलेत आणि प्रत्येकाच्या दोन्ही कानांत पाच-पाच सुया, असं दृश्य जगभर दिसू लागलं. २००० मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या टीमने कोकेन घेणाऱ्या ८२ लोकांवर ट्रायल केली, निकाल चांगला आला. मग त्याच टीमने तीच गोष्ट सहा ठिकाणी, ६२० लोकांवर केली, २००२ मध्ये छापली, आणि खऱ्या सुया, चुकीच्या जागी सुया आणि नुसते रिलॅक्सेशनचे व्हिडिओ, तिन्हीत कोकेन कमी होण्यात फरक नाही. स्वतःचाच आधीचा आनंदाचा निकाल मोठ्या ट्रायलमध्ये टिकला नाही आणि तो त्यांनी लपवला नाही, यासाठी त्या टीमला सलाम. त्या गोलात बसून कोणाला शांत वाटत असेल तर जरूर बसावं, पण औषध आणि समुपदेशन सोडून नाही.

सिगारेटचं थोडक्यात. कॉक्रेनने, म्हणजे जगभरच्या ट्रायल्स एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, २०१४ मध्ये ३८ अभ्यास एकत्र बघितले, सुया, बिया, लेझर सगळं. पहिले काही आठवडे थोडा फायदा दिसतो पण सहा महिन्यांनी नकली उपचारापेक्षा वेगळं काही राहत नाही, आणि निकोटीनच्या पॅच-च्युइंगमपेक्षा तर हे कमीच पडतं. म्हणून त्यासाठी पॅचच घ्या.

वजनाचं मात्र जरा खोलात सांगते कारण जाहिरातीत एक कोरियन अभ्यास सारखा पुढे करतात. २०१४ मधला, ९१ लोक, आठ आठवडे, कानात पाच सुया ठेवलेल्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ६.१ टक्के उतरला आणि एकाच 'भुकेच्या' पॉइंटवाल्यांचा ५.७. वाचून वाटतं वा! पण तिसऱ्या गटाला सुया टोचून लगेच काढून घेतल्या होत्या, आणि आपल्या कानात काहीच नाही हे माणसाला कळणारच ना, आणि आठ आठवडे पुरे व्हायच्या आत २४ जण सोडून गेले त्यातले १५ याच गटातले. शिवाय सगळ्यांना खाण्यावर बंधनं होतीच. ज्या गटातले जवळपास अर्धे निघून गेले त्याच्याशी केलेल्या तुलनेवर मी माझे पैसे लावणार नाही, तुम्हीही लावू नका.

झोपेसाठी ट्रायल्स ढिगाने आहेत, कॉक्रेनने २०१२ मध्ये ३३ बघितल्या, कानाच्याही त्यात होत्या, पण बहुतेक इतक्या कच्च्या की ठाम काही म्हणता येत नाही असंच त्यांनी लिहिलं. सुरक्षित आहे, बिया लावून बघायला हरकत नाही, पण झोप न येण्यामागे थायरॉइड, घोरणं, नैराश्य असलं काही आहे का ते आधी तपासून घ्या, हे मी कळकळीने सांगतेय.

आणि सर्व्हिस घेताना काय बघायचं ते. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, सुई एकदाच वापरायची, टोचायच्या आधी कान स्पिरिटने पुसला पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी, डायबेटिस, गरोदरपण हे तुम्ही सांगायच्या आधी त्यांनी विचारलं तर माणूस जबाबदार आहे असं समजा. हृदयाची झडप बदललेली असेल तर कानात ठेवायच्या सुया घेऊच नका, जंतू रक्तात जायची भीती असते. चालू औषधं बंद करा असं कोणी म्हणालं तर उठून या. कानाचा वरचा भाग कूर्चेचा असतो आणि कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे तिथे इन्फेक्शन झालं तर हट्टी असतं आणि कानाचा आकारही बिघडू शकतो. टोचल्यावर त्या दिवशीचा लालपणा चालतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कान जास्त सुजला, गरम लागला, ठणकायला लागला तर सुई काढायला लावा आणि त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, पुढच्या सेशनची वाट बघत बसू नका.