यंत्रमागाला पक्की जाळी की इंटरलॉकचं झाकण?

मालेगावात साधे माग चालवत असाल आणि सुरक्षेवर पहिला खर्च कुठे करावा हे ठरत नसेल, तर आधी पट्टा, पुली आणि गिअरला बोल्टने आवळलेली जाळी बसवा. सैल बाही, लुंगीचा सोगा, गळ्यातला रुमाल इथेच ओढला जातो आणि कारागिराला इथे रोज हात घालावाही लागत नाही. कुठलाही फॅब्रिकेटर ती करून देतो. वायरिंग नसल्याने बिघडायला फारसं काही नाही. माप मात्र नीट द्या. आयएसओ 13857 या आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकाप्रमाणे चौकोनी छिद्र 20 मिमीपर्यंत असेल तर जाळी फिरत्या भागापासून किमान 120 मिमी दूर हवी. 10 मिमीपर्यंतच्या छिद्राला 25 मिमी पुरतात. मोठ्या छिद्रांची जाळी चिकटून बसवली तर बोट आत जातंच.

जिथे पाळीत अनेकदा उघडावं लागतं, तिथे हीच जाळी लवकरच कोपऱ्यात उभी दिसते. दोष कारागिराला देऊ नका, कामच तसं आहे. तिथे बिजागरीचं झाकण आणि इंटरलॉक घ्या: झाकण उघडलं की मोटर बंद. हे महाग पडतं, स्विचमध्ये रुईची धूळ बसते, झाकण उघडं असतानाही माग चालावा म्हणून कोणी तो बांधूनही ठेवतो; म्हणून दर आठवड्याला तपासणी हवीच. शिवाय वीज तुटली म्हणजे यंत्र थांबलं असं नव्हे. सूतगिरणीत कापूस पिंजणाऱ्या कार्डिंग यंत्राचा सिलिंडर नंतरही बराच वेळ फिरतो. तिथे सिलिंडर पूर्ण थांबेपर्यंत झाकण न सोडणारा इंटरलॉकच घ्यावा.

आडवं सूत नेणारा धोटा उडून डोळ्याला लागतो, त्याला या दोन्हींचा उपयोग नाही. त्यासाठी धोट्याचा गार्ड लावा आणि धोट्याला फटका देणारा पिकर झिजला की वेळेवर बदला. माग तातडीने थांबवणारं लाल बटण जरूर बसवा, पण ते दाबेपर्यंत हात अडकलेला असतो.

1948 च्या कारखाना कायद्याच्या कलम 21 ने यंत्र चालू असताना संरक्षक जाळी जागेवर ठेवणं बंधनकारक केलं आणि कलम 24 ने चुकून चालू होऊ शकणाऱ्या स्विचला कुलपाची सोय मागितली. हे कुलूप मला इंटरलॉकहूनही आधी हवंसं वाटतं. फिटर मागाखाली वाकलेला असतो आणि पाळी बदलून आलेला माणूस स्विच टाकतो. प्रत्येक मागाला वेगळा स्विच द्या, किल्ली फिटरच्या खिशात राहू द्या. एका मागावर दोघे काम करत असतील तर दोन कुलपं बसतील असा हॅस्प (कुलपं अडकवायची कडी) घ्या.