खवाट्याखालची गाठ काढली, त्याला दहा महिने झाले : माझा अनुभव

उजव्या खवाट्याखालची गाठ शस्त्रक्रियेने काढून घेतल्याला दहा महिने झाले. माझे वय ५८. हात पुढे घेतला की ती मोसंब्याएवढी वर यायची, हात खाली सोडला की खवाट्याआड दिसेनाशी व्हायची, आणि कपडे वाळत घालायला हात उंचावला की ‘कट्’ असा आवाज होऊन कळ थेट बरगडीत उतरायची.

पहिल्या डॉक्टरांनी ती चरबीची गाठ समजून, तेवढ्याच जागी भूल देऊन काढण्याचे ठरवले होते. मी थांबले, याचे मला फार समाधान आहे, कारण एमआरआयमध्ये ती पाठीच्या स्नायूखाली, बरगड्यांना चिकटलेली आढळली आणि डावीकडेही एक लहान गाठ दिसली. हिला इलास्टोफायब्रोमा डॉर्साय म्हणतात; यार्वी आणि सॅक्सेन या फिनलंडच्या डॉक्टरांनी १९६१ साली तिचे वर्णन केले. ही गाठ कर्करोगाची नसते आणि बहुतेक वेळा पन्नाशी उलटलेल्या स्त्रियांना होते. खात्री पटल्यावरच मी पूर्ण भूल घेऊन शस्त्रक्रियेला तयार झाले.

शस्त्रक्रियेपेक्षा नंतरचे दिवस कठीण गेले, आणि याची कल्पना मला कोणी पुरेशी दिली नव्हती. गाठ निघाल्यावर खवाटा आणि बरगड्या यांच्यामध्ये पोकळी राहते, हात हलला की तिथे घर्षण होते आणि पाणी साचते. ते बाहेर काढण्यासाठी लावलेल्या नळीच्या (ड्रेनच्या) डबीतले लालसर पाणी मी रोज सकाळी मोजून वहीत लिहीत असे. सहाव्या दिवशी ते ३० मिलिलिटरच्या खाली आले, तेव्हा नळी काढली. तरीही पुढच्या आठवड्यात पाठीवर पाण्याच्या पिशवीसारखी मऊ सूज आली आणि दोनदा सुईने पिवळसर पाणी काढावे लागले. मला वाटते, घरी आल्याबरोबर मी हात जास्त वापरला. शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी दाबपट्टा आणि हाताची विश्रांती यांत अजिबात हयगय करू नये, असे मी कळकळीने सांगते.

टाक्यांची जागा पहिले तीन महिने बधिर होती. आता बोटभर पट्टा तेवढा बधिर राहिला आहे. फिजिओथेरपीने हात पूर्ण वर जातो, कटकट थांबली आहे, उजव्या कुशीवर झोप लागते. डावीकडची गाठ दुखत नाही, म्हणून सर्जनच्या सल्ल्याने ती तशीच ठेवली आहे.