जळगावात शनिवारचा सिनेमा, आणि यावेळचा विषय ओढ की प्रेम

रिंग रोडच्या बाजूला वरच्या मजल्यावर एक छोटा हॉल आहे, तिथे दर शनिवारी संध्याकाळी पिक्चर दाखवतात, त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. मल्टिप्लेक्स वगैरे नाही, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक प्रोजेक्टर, बऱ्यापैकी स्पीकर, आणि पिक्चर संपला की गप्पा. तिकीट १०० रुपये, चहा त्यातच. सध्या त्यांनी ओढ आणि प्रेम असा विषय घेतलाय, आणि मला तो एवढा आवडलाय की भुसावळहून जाऊन येणं अजिबात जड जात नाही.

सुरुवात १९७७ च्या 'भूमिका'ने केली. श्याम बेनेगलांचा पिक्चर, नटी हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मचरित्रावर बेतलेला, आणि स्मिता पाटीलचं घर मूळ आपल्या शिरपूरचं, त्यामुळे हॉल भरणारच होता. उषा नावाची नटी, तिच्या आयुष्यात एकामागून एक पुरुष येतात आणि प्रत्येकाला ती हवी असते. नवऱ्याला तर ती आणि तिची कमाई दोन्ही हवंय, अमोल पालेकर इतका चिडचिडा आणि संशयी मी कुठेच बघितला नव्हता. दुसरा तिच्यासोबत जीव द्यायच्या गोष्टी करतो आणि तेही पार पाडत नाही. मग अमरीश पुरी, मोठं घर, शेती, मान, सगळं देतो, ती रमते पण तिथे, आणि एक दिवस पोराला जत्रेला घेऊन जाते म्हणते तर तिला कळतं की या घरातून बाहेर पडायचंच नाही. कुठे आरडाओरडा नाही, मारहाण नाही, तो अगदी शांतपणे सांगतो, आणि मला तो सीन सगळ्यात भयंकर वाटला. कारण तोवर आपल्याला पण वाटायला लागलेलं असतं की चला, हा तरी हिच्यावर प्रेम करतो. कॅमेरा स्मिताच्या चेहऱ्यावर थांबतो तेव्हा तिला काय हवंय ते आपल्याला स्पष्ट दिसतं आणि समोर उभ्या माणसाला दिसत नाही, आणि माझ्यामते बेनेगलांनी ओढ आणि प्रेम यातला फरक नेमका तिथे दाखवलाय, जवळिकीच्या सीनमध्ये नाही.

त्यानंतरच्या चर्चेत अमळनेरच्या एक मावशी उठून एवढंच बोलल्या, "तिले काय जोयजे हाई कोनी इचारं का?" (अहिराणीत, म्हणजे तिला काय हवंय हे कुणी विचारलं का?) आणि बसल्या. अख्ख्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं बोलणं ते.

पुढच्या शनिवारी 'जोगवा' (२००९, राजीव पाटील) लावला, ही निवड मला फार हुशारीची वाटली, कारण तिथे गोष्ट बरोबर उलटी आहे. यल्लम्मा देवीला सोडलेली सुली आणि जबरदस्तीने लुगडं नेसवलेला तायप्पा, दोघांच्या शरीरावर त्यांचा स्वतःचाच हक्क राहिलेला नाही. त्यांना एकमेकांची ओढ वाटते तेव्हा कुठे ते परत माणसं होतात. वासना वाईट आणि प्रेम पवित्र असं आपल्याला लहानपणापासून सांगतात ना, ते या पिक्चरसमोर टिकतच नाही. उपेंद्र लिमयेला यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मुक्ता बर्वेबद्दल लोक कमी बोलतात, तिने नुसत्या नजरेने जे केलंय ते परत जाऊन बघा.

तिसरा वाँग कार वाईचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००). १९६२ चं हाँगकाँग, शेजारी राहणारे दोघं, एक माणूस आणि एक बाई, माणसाची बायको आणि बाईचा नवरा यांचं आपसात जुळलंय हे त्यांना कळतं, आणि हे दोघं ठरवतात की आपण त्यांच्यासारखं नाही व्हायचं. जिन्यावरून नूडल्स आणायला जाणं, टॅक्सीत हातावर हात, बास एवढंच. तरी ओढ इतकी भरलीय त्यात की बाजूचा माणूस पण श्वास रोखून बघत होता. फक्त इथे कूलरच्या आवाजाने घात केला, पिक्चरमध्ये शांतता महत्त्वाची आणि मागे घरघर चालू. जळगावचा मे महिना आहे, कूलर बंद करा असं कोण म्हणणार, पण निदान तो मागच्या दारात सरकवा.

अजून एक, सबटायटल इंग्रजी असतात, माझ्या वहिनीला ते पटापट वाचता येत नाहीत. गोष्टीचा अर्धा पान मराठी सारांश आधी वाटला तर खूप बायका येतील, आणि यायला पाहिजेत, कारण घरी टीव्हीवर जवळिकीचा सीन आला की रिमोट शोधायला लागतात सगळे, इथे मात्र सासू-सुना शेजारी बसून बघतात आणि नंतर त्यावर बोलतात पण. पोरं शिट्ट्या मारत नाहीत, चालवणारे दादा सुरुवातीलाच तसं सांगतात आणि लोक ऐकतात.

चर्चेला अर्धाच तास ठेवलाय, तो वाढवा ही कळकळीची विनंती. पार्किंग खाली गल्लीत, गाडी असेल तर थोडं लवकर या. बाहेरगावचे असाल तर परतीच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा, गप्पांमधून उठवत नाही.