कला आणि पर्यावरणवाला ऑनलाइन कोर्स: घ्या, पण पहिला भाग सोडून

चित्रं-शिल्पं बघून माणूस पर्यावरणाचा वेगळा विचार करायला लागतो का, यावरचा एक रेकॉर्डेड कोर्स नुकताच संपवला. म्हटलं लिहून टाकावं, कारण घेण्याआधी मला याचा धड रिव्ह्यू कुठेच सापडला नव्हता. पहिला भाग भयंकर रटाळ आहे, नुसत्या व्याख्या आणि स्लाइड वाचून दाखवणं, तो सरळ स्किप मारा, काही बिघडत नाही.

खरी मजा सुरू होते योसेफ बॉयसपासून. या जर्मन कलाकाराने १९८२ मध्ये कासल शहरात म्युझियमसमोर बेसॉल्टच्या ७००० दगडांचा ढीग घातला आणि अट काय, तर शहरात एक झाड लावलं की मगच ढिगातला एक दगड उचलून त्या झाडाशेजारी उभा करायचा! म्हणजे ढीग डोळ्यात खुपतोय ना, मग लावा झाडं. शेवटचं झाड लागेपर्यंत १९८७ उजाडलं, तोवर बॉयस गेलाही होता. शिकवणाऱ्या बाई इथे दोन फोटो शेजारी ठेवतात, आधी दगडापुढे रोप काडीएवढं दिसतं आणि नंतरच्या फोटोत दगड बुंध्याशी कुठेतरी दबून बसलेला, मी तिथे पॉज करून बघतच राहिले.

मेल चिन या अमेरिकन कलाकाराचं काम तर मला माहीतच नव्हतं. अमेरिकेत मिनेसोटातल्या एका कचरा डेपोवर त्याने १९९१ मध्ये रूफस चेनी या शास्त्रज्ञाला सोबत घेऊन अशी झाडं लावली जी मातीतलं कॅडमियम, झिंक शोषून घेतात, आता याला शिल्प म्हणायचं की शेती ते तुम्हीच ठरवा, मला तरी पटलं. अमेरिकेतल्या योसेमिटी दरीचे जुने फोटो आणि ती जपण्यासाठीचा १८६४ चा कायदा हा भाग मात्र घाईघाईत उरकलाय.

माझी मेन तक्रार ओलाफुर एलियासन या कलाकाराच्या बर्फाबद्दल आहे. २०१५ च्या हवामान परिषदेच्या वेळी त्याने ग्रीनलंडच्या बर्फाचे १२ मोठे तुकडे पॅरिसच्या चौकात घड्याळासारखे गोल मांडले होते, लोक त्याला हात लावतायत, कान लावून आत अडकलेली हवा फुटताना ऐकतायत, सगळं भारी दाखवलंय. पण एवढा बर्फ आणायला किती कार्बन खर्ची पडला हा प्रश्न कुणाच्याही मनात येणारच ना? त्याचा हिशोब कलाकाराच्या स्टुडिओने स्वतःच जाहीर केलाय, तरी बाईंनी अवाक्षर काढलं नाही. आणि बघून गेलेल्या लोकांच्या वागण्यात पुढे काही फरक पडला का, यावर जेमतेम एक छोटा व्हिडिओ. अहो, कोर्सचा विषयच तो आहे!

असाइनमेंट मात्र झकास, रोज दिसणारं एकच झाड परत परत काढायचं. माझ्या झाडाच्या खोडात जाहिरातींचे किती खिळे ठोकलेत ते चित्र काढायला बसल्यावर दिसलं.

एकंदर पाचपैकी साडेतीन. सबटायटल्स बेकार आहेत आणि व्हिडिओ डाउनलोड होत नाहीत, त्यामुळे नेट बरं असेल तरच घ्या.