चाळीस डॉलरचं रीळ, आठ महिने आणि एक स्प्रिंग

मासे गरवायचा हा रॉड-रीळचा कॉम्बो फेब्रुवारीत घेतला, आता ऑक्टोबर संपत आलाय. साइज, गिअर वगैरे खोक्यावर छापलेलंच असतं, ते उगाळत नाही. वापर बहुतेक ह्यूस्टनजवळ केटीमध्ये, मेरी जो पेकहॅम पार्कच्या तळ्यावर. टेक्सासचं पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं तिथे उन्हाळ्यात दर दोन आठवड्यांनी कॅटफिश आणून सोडतं, थंडीत ट्राउट. बास मात्र तळ्यातलाच.

मी देवगडचा. खाडीवर हातात दोरा धरून गरवलेलं, त्यामुळे ४० डॉलर मोजताना जिवावर आलं होतं. वर गोड्या पाण्याचा परवाना ३० डॉलर. मुलगी सतराच्या आतली, तिला परवाना लागत नाही, तेवढीच बचत.

मेपर्यंत मी डोळे झाकून पाच तारे दिले असते. मग एका पहाटे पाणगवताच्या कडेला बाससाठी रबरी किडा फेकला आणि रॉड पुढे जात असतानाच रिळाची बेल, म्हणजे फेकताना उघडायची आणि गुंडाळताना मिटायची ती तारेची कमान, खाली पडली. दोरा हिसक्याने अडून तुटला, किडा गळासकट एकटाच तळ्याच्या मध्यावर. घरी येऊन रीळ उघडलं तर बेलची स्प्रिंग मोडलेली. बॉलपेनातल्या स्प्रिंगहूनही लहान.

कंपनीचं उत्तर: झीज वॉरंटीत बसत नाही, रीळ स्वखर्चाने पाठवा, परतीचे १० डॉलर वेगळे. पोस्टात वजन केलं, जाण्याचे ११. म्हणजे बोटाच्या पेरावर मावणाऱ्या तारेसाठी २१ डॉलर! बायको म्हणाली, "अरे, नवीन घे आणि मिटव ना." नाही मिटवणार. त्याच रात्री एका ताऱ्याचा अभिप्राय लिहून ठेवला होता, तो पाठवला नाही हे बरं झालं.

कारण पुढच्या रविवारी बायकोच्या भावाचं रीळ मागून नेलं, तर शेजारी बसणाऱ्या व्हिएतनामी आजोबांनी माझा हात धरून थांबवलं. मी फेकून झालं की हँडल फिरवून बेल पाडायचो. दर वेळी स्प्रिंगला फटका, शिवाय दोरा सैल गुंडाळला जाऊन पीळ पडतो. बेल हाताने खाली करायची, दोरा जरा ताणायचा, मग हँडल. एवढंच. चार महिने मी ज्या गुंत्याबद्दल दोऱ्याला शिव्या देत होतो, तो निम्मा माझ्या हातचा होता.

रॉडबद्दल मात्र एका शब्दाची तक्रार नाही. कॅटफिशला कोंबडीची कलेजी लावतो. फेकताना निसटते म्हणून शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळतो. सर्कल हूक (टोक आत वळलेला गोल गळ), ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक सैल, मासा ओढेल तसा दोरा सुटू देणारा. ड्रॅग करकरायला लागला की झटका द्यायचा नाही, नुसतं गुंडाळत राहायचं, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपसूक बसतो. कॅटफिशला अंगभर चव कळते म्हणून एकदा सोडे लावून पाहिले. कासवांनी खाल्ले. इथल्या भारतीय दुकानातला सोड्यांचा भाव बघता तो प्रयोग पुन्हा नाही.

दिवसाला पाच कॅटफिश नेता येतात, माझी मजल तीनपर्यंत. आपल्या शिंगाळ्यासारखाच, खवले नाहीत आणि काटा लागला तर हात ठणकतो. तळ्याचा चिखलट वास जायला हळद-मीठ आणि आगळात अर्धा तास ठेवावा लागतो. बास १४ इंचांच्या आत असेल तर सोडावा लागतो, म्हणजे माझे जवळजवळ सगळेच सोडले.

स्प्रिंगचं काय झालं? तिसऱ्या मेलनंतर जूनमध्ये एक साधं पाकीट आलं. आत दोन स्प्रिंगा, चिठ्ठी नाही, बिल नाही. सुट्या भागांच्या विभागात कुणालातरी माझी दया आली असावी, किंवा कंटाळा. एक बसवली, दहा मिनिटांचं काम. तेव्हापासून बेल हातानेच पाडतोय आणि ती अजून ठणठणीत आहे. दुसरी हळदीच्या रिकाम्या डबीत.

साडेतीन तारे. जूनमध्ये चार देणार होतो, पण पाकिटावरचं तिकीट पाहिलं: डॉलरभराचंही नव्हतं. आणि मला सांगितले होते २१.